चौकातला विसावा

अंत्यविधी, अंत्ययात्रा हे शब्द आमच्या वऱ्हाडात पेपरात छापण्यापुरते असतात. बोलताना माणूस सरळ विचारतो, “माती किती वाजता आहे?” आणि सांगणाराही सरळ सांगतो, “तीनले उचलतात.” लग्नानंतर काही वर्षं मी पुण्यात होते. तिथं सोसायटीत कोणीतरी गेलं तेव्हा मी सवयीनं विचारलं, माती कधी आहे म्हणून. शेजारच्या बाईंचा चेहरा उतरला. “अहो, असं काय बोलता,” म्हणाल्या. मग गाडी आली, चार माणसं उतरली, तासाभरात सगळं आटोपलं आणि संध्याकाळी ग्रुपवर हात जोडलेली चित्रं आली. मी त्यांना नावं ठेवत नाही. ज्याला त्याला आपापला व्याप असतो. पण त्या घरातली सून दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाची पिशवी आणायला स्वतः खाली उतरली होती, ते पाहून मला गलबलून आलं. आमच्या अमरावतीत तिला कोणी दारापर्यंतसुद्धा येऊ दिलं नसतं.

आमच्याकडे घरात माणूस गेलं की अर्ध्या तासात ते घर घरच्यांच्या हातात राहत नाही. कोणीतरी अंगणातल्या गाड्या बाहेर काढून उभ्या करतो. कोणी ताडपत्री आणतो, कोणी खुर्च्या. समोरची बाई येऊन गॅसचं बटण बंद करते आणि चहाची पातेली स्वतःच्या घरी चढवते. लहान पोरं कोणाच्या घरी जेवायला नेली हे त्यांच्या आयांनाही माहीत नसतं, आणि त्या विचारतही नाहीत. संध्याकाळी पिठलं-भाकरीचे डबे दुसऱ्यांच्या घरून येतात. त्याला कडू घास म्हणतात. तो खाताना कोणी “घ्या, घ्या” असा आग्रह करत नाही. नुसतं ताटापाशी बसून राहतात, आणि माणूस शेवटी दोन घास खातो. ज्याचं माणूस गेलं त्यानं फक्त रडायचं, बाकीचं दुनिया पाहील, असा सरळ हिशेब. लहानपणापासून मी हे पाहत आले, पण त्यात कौतुक करण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. नळाला पाणी येतं त्याचं कोण कौतुक करतं?

आईचा एक नियम होता. लग्नाला बोलावल्याशिवाय जाऊ नये आणि मातीला बोलावण्याची वाट पाहू नये. खबर कानावर आली की ती चप्पल पायात घालायची. मूर्तिजापूर असो की चांदूर, मिळेल त्या एसटीनं निघायची. ज्या घराशी वर्षानुवर्षं बोलणं नाही अशा घरीही जायची. मी एकदा तिला विचारलं, “तिथं कशाला जातेस? त्यांनी आपल्याला बारशालासुद्धा विचारलं नाही.” ती म्हणाली, “बारशाले विचारा लागते. हे आपलं आपण जाचं असते.” मला तेव्हा ते भोळेपणाचं वाटलं होतं.

आमच्या घराण्यातल्या सगळ्या मात्यांचा कारभारी म्हणजे माझा मामा, आईचा धाकटा भाऊ. राहायला अमरावतीतच. बोलण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नाही. तोंडात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा, स्कूटरच्या डिकीत कायम सुतळीचा गुंडा. बांबू कुठून आणायचे, लाकडं किती लागतात, गोवऱ्या ओल्या निघाल्या तर काय करायचं, हे सगळं त्याला पाठ. तो आला की रडणारी माणसंही जरा सावरून बसायची, कारण तो रडणाऱ्यांवरही आवाज चढवायचा. “रडा, पन बाजूले बसून रडा, रस्ता मोकळा ठेवा,” असं त्याला मी स्वतः बोलताना ऐकलं आहे. आणि याच मामानं, माझ्या लग्नात, माझ्या बाबांचं आणि धाकट्या काकाचं नातं तोडलं होतं. जाणूनबुजून नाही. हातात माईक आल्यावर त्याला भान राहत नाही, एवढंच.

आमच्याकडे लग्न लागल्यावर व्याह्यांच्या भेटी होतात. माईकवरून पुकारा होतो. आधी मुलीचे वडील आणि मुलाचे वडील. दोघं पुढे येतात, एकमेकांना दुपट्टा-टोपी घालतात, गळाभेट घेतात, फोटो निघतो. मग दोन्हीकडचे काका, मग मामा, मग बाकीचे. माझ्या लग्नात माईक मामाकडे होता. बाबांची भेट झाली आणि मामानं उत्साहाच्या भरात एकदम मामांनाच पुकारलं, म्हणजे स्वतःलाच. मग आत्याचे यजमान, मग गावचे दोन मानकरी, मग बाबांच्या कचेरीतले साहेब. आणि मग जाहीर केलं की पंगती बसल्या आहेत, पाहुण्यांनी जेवून घ्यावं. स्टेजच्या कडेला माझा काका उभा होता. इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात घडी घातलेला दुपट्टा. समोरच्या कडेला माझे चुलत सासरेही तसेच उभे होते. दोघं एकमेकांकडे पाहत राहिले. माईक बंद झाला तसा काका खाली उतरला आणि अकोल्याच्या बसमध्ये जाऊन बसला. जेवलाही नाही. फाटकापाशी कोणाला तरी सांगून गेला, “या दादाच्या घराची पायरी आता मी चढत नाई.” ते वाक्य मांडवात पोचायला वेळ लागला नाही.

बाबांचं म्हणणं असं की, “त्यानं येऊन मले चार शिव्या द्याच्या होत्या. उपाशी काहून गेला?” काकाचं म्हणणं असं की, “दादानं एक फोन कराचा होता.” दोघांचंही बरोबर होतं, म्हणून दोघंही हलले नाहीत. एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा, असे ते भाऊ. मामानं कधी चूक कबूल केली नाही. यादी दुसऱ्यानं बनवली होती, म्हणायचा. पण एकदा तो कोणाला न सांगता अकोल्याला गेला होता. काकाचं तिथं मोटार रिवायंडिंगचं दुकान. शेतातले पंप, विहिरीच्या मोटारी भरून द्यायचा. त्यानं मामाला चहा पाजला, तांब्याची तार किती महाग झाली यावर भरपूर बोलला, आणि मामानं भेटीचा विषय काढताच एक मोटार टेस्टिंगला लावली. तिच्या घरघराटात मामा ओरडून ओरडून दमला आणि परत आला.

पुढे काकाच्या मुलाचं लग्न निघालं. पत्रिका आली, पण कोणाच्या तरी हाती पाठवलेली. अक्षता नाहीत, घरचं माणूस नाही. बाबा गेले नाहीत. मात्र लग्नाच्या दिवशी त्यांनी सकाळीच दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि दिवसभर घरात बसून राहिले. संध्याकाळी आईनं सदरा बदलायला सांगितला तेव्हा तिच्यावर खेकसले. अकोल्याकडचं कोणी भेटलं की त्यांचा एक प्रश्न ठरलेला असायचा. “तिकडं मोटारीचा धंदा कसा चालून राहिला?” समोरच्याला वाटायचं, यांना मोटारींत भारी रस.

बाबा गेले ते तुरीच्या सोंगणीच्या दिवसांत. त्याआधी बरेच दिवस अंथरुणाला खिळले होते, मी त्यांच्याजवळच होते. इतके वाळले होते की कूस बदलायला मी एकटी पुरायची. आईनं एकदा हळूच विचारलं, “भाऊजीले बोलावू का?” बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. “मी मेल्यावर येईन तो,” म्हणाले. “तेव्हा त्याले यायलेच लागते.” मला त्या बोलण्याचा राग आला होता. जिवंतपणी भेटायचं सोडून माणूस हा काय हिशेब करतो? पण आईनं मान डोलावली, जणू काही ठरलं.

सकाळी बाबा गेले आणि घर आमच्या हातातून गेलं. ताडपत्री आली, खुर्च्या आल्या, समोरच्या बाईनं गॅस बंद केला. शेजारचे चाचा, ज्यांचं सोफे आणि गाद्यांचं दुकान आहे, ते आपणहून फोन घेऊन ओट्यावर बसले. मरणाची खबर घरच्यांनी द्यायची नसते, शेजाऱ्यांनी द्यायची, ही आमच्याकडची रीत. एकेका नातेवाइकाला ते आपल्या हिंदी-वऱ्हाडीत सांगत होते. अकोल्याला लावलेल्या फोनचं मी मुद्दाम विचारलं. चाचा म्हणाले, “उठाया बेटा. सुना, और रख दिया. एक लफ्ज नहीं बोले.”

आई रडत नव्हती. बाबांच्या डोक्यापाशी बसून त्यांच्या कपाळावरचे केस मागे सारत होती. येणाऱ्या बाया तिच्या गळ्यात पडून रडायच्या आणि ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवायची. मला त्याची भीती वाटत होती. दुपारी ती एकदम उठली आणि मामाला आत स्वयंपाकघरात बोलावलं. मी मागोमाग गेले.

“भाऊजीचा खांदा लागल्याशिवाय ह्यायले उचलू नोको,” आई म्हणाली.

“अन् नाई आला तर?”

“येईन.”

“बाई, दिवस बुडाच्या आत न्या लागते.”

“ते तू पाह्य. पन बाहेर कोनाले सांगू नोको. आपन वाट पाहून राह्यलो हे समजलं अन् तो आला नाई, त मेल्यावर ह्यायचं हसं होईन.”

मामानं खिशातल्या खर्ऱ्याच्या पुडीला हात लावला, तशीच ती परत ठेवली आणि बाहेर गेला.

पुढे जे झालं ते मी खिडकीतून पाहिलं, आणि आजही ते आठवलं की मला माझ्या माणसांचा अभिमान वाटतो. तिरडी जवळजवळ बांधून झाली होती. मामानं जाऊन एका बांबूवर बोटांनी ठोकलं. “हा पोकळ आहे,” म्हणाला. “रस्त्यात मोडला त?” दोघांना स्कूटर देऊन दुसरा बांबू आणायला पाठवलं. नवा बांबू आला, तिरडी परत बांधली, मामानं ती चहूबाजूंनी पाहिली आणि स्वतः बसून गाठी सोडायला लागला. गाठी उलट्या पडल्या म्हणे. मग त्यानं वस्तीतल्या खंजिरी भजनवाल्यांना सांगितलं, “दोन भजनं म्हना, त्यायले लय आवडे.” बाबांना भजनाचं कधीच वेड नव्हतं; मंडळवाले वर्गणीला आले की ते मागच्या दारानं निघून जायचे. पण मंडळ इमानेइतबारे बसलं आणि चांगलं लांबवून म्हणायला लागलं.

अंगणात बाबांचे एक जुने सोबती होते. कोणत्याही मातीला घाई करणारे ते पहिले. “ऊन उतरलं, उचला आता,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते उठले, वाक्य तोंडाशी आलं, आणि त्यांनी मामाकडे पाहिलं. मामा गाठ सोडत होता पण नजर फाटकाकडे होती. म्हाताऱ्यांनीही फाटकाकडे पाहिलं. मग ते परत खुर्चीत बसले आणि मोठ्यानं म्हणाले, “माहा चष्मा कुठी गेला? चष्म्याशिवाय मी नाई चालू शकत.” चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता. शेजारच्यानं तो पाहिला आणि तरी वाकून खुर्चीखाली शोधायला लागला.

हळूहळू सगळ्या अंगणाला समजलं, आणि कोणीही समजल्याचं दाखवलं नाही. एक बाई म्हणाली, तुळस कमी पडते, अजून आणा. दुसरी म्हणाली, तिकडच्या आळीतल्या बायांना तोंड पाहायचं आहे, त्या येऊन राहिल्या. हार लहान आहे म्हणून कोणी मोठा आणायला गेला. ज्यांना परतीची शेवटची एसटी गाठायची होती असे लोक घड्याळ बाहीखाली सारून बसून राहिले. अकोल्याचं नाव मात्र कोणी काढलं नाही. इतक्या बोलभांड माणसांनी इतकी मोठी गोष्ट न बोलता सांभाळली. मातीला गर्दी करणाऱ्यांना लोक रिकामटेकडे म्हणतात. त्या दिवशी त्या रिकामटेकड्यांनी माझ्या बाबांची अब्रू दुपारभर आपल्या हातात धरून ठेवली होती.

ऊन कलायला लागलं तसे चाचा फाटकातून आत आले. ते मामाच्या कानाशी बोलले, पण मी खिडकीच्या लगेच आत होते.

“वो तो कब के आए हैं. चौक में टपरी पे खड़े हैं.”

“कोन?”

“अब कौन? तुम्हारे अकोलेवाले. मैं बोला चलो. बोले, मयत निकली की पीछे पीछे चलूंगा. घर की सीढ़ी नहीं चढ़ूंगा, जबान दी हुई है.”

म्हणजे आम्ही त्याची वाट पाहत होतो आणि तो आमची. आम्ही बाबांना उचलत नव्हतो कारण तो आला नव्हता, आणि तो येत नव्हता कारण आम्ही बाबांना उचललं नव्हतं. दुपारभर. आमच्या घरापासून चौक हाकेच्या अंतरावर आहे. दुसरी वेळ असती तर मी हसले असते. तेव्हा मला फक्त संताप आला. मी ओट्यावर गेले आणि मामाला म्हटलं, “मी जाऊन त्याला हाताला धरून घेऊन येते.”

“नोको,” मामा म्हणाला. “बोलावून आनला त तो तुह्यासाठी येईन, दादासाठी नाई. अन् पायरी त्यानं बंद करून ठेवली, ते शब्द त्याले आता गिळता नाई येत. म्हाताऱ्या मानसाले सगळ्यायसमोर काहून गिळाले लावतं?” मग थोडं थांबून, माझ्याकडे न पाहता म्हणाला, “मी पाहतो. हे माह्यंच काम आहे.”

एवढंच. आमच्याकडे माफी मागायची पद्धत फारशी नाही. माणूस काम अंगावर घेतो आणि समोरच्यानं ते ओळखायचं असतं.

तो अंगणात गेला, हात झटकले आणि आवाज चढवला. “चाला. उचला. किती वेळ लावता?” जणू उशीर दुसऱ्या कोणी केला होता. म्हाताऱ्यांना चष्मा सापडला, भजन संपलं, एका दमात सगळी तयारी झाली. आईनं मामाकडे पाहिलं. मामानं नुसते डोळे मिटून उघडले. तिनं बाबांच्या कपाळावरून शेवटचा हात फिरवला आणि बाजूला झाली.

मी एकुलती एक. मडकं कोण धरेल यावर अंगणात थोडी कुजबुज झाली होती, पण मामानं ती सुरू व्हायच्या आत संपवली. “पोरगी धरन,” म्हणाला, आणि गोवऱ्यांचा विस्तव घातलेलं मडकं दोरीसकट माझ्या हातात दिलं. एका म्हाताऱ्या मावशीनं माझ्या कानाशी सांगितलं, “समोरच पाह्य वो माय. मांगं वळून नोको पाहू.” मी पुढे झाले. माझ्यामागे तिरडी उचलली गेली. पुढच्या उजव्या बाजूला मामा, डाव्या बाजूला माझा नवरा, मागे चाचा आणि आत्याचा मुलगा. राम बोलो भाई राम.

नेताना मध्ये एका जागी तिरडी जमिनीवर टेकवतात. तो विसावा. तिथं खांदेकरी बदलतात, पुढचे मागे आणि मागचे पुढे होतात, आणि मग पुढची वाट. आमच्या वस्तीतला विसावा नाल्याच्या पुलाजवळ असतो, अर्ध्या वाटेवर; कोणालाही विचारा. त्या दिवशी आम्ही चौकात पोचलो, चहाची टपरी माझ्या उजव्या हाताला आली, आणि मागून मामाचा आवाज आला. “टेकवा. विसावा.”

“इथं?” कोणीतरी म्हणालं. “आत्ताच त निंघालो.”

“इथंच.”

मी थांबले. समोरच पाहत राहिले, कारण तसं सांगितलं होतं. डोळ्यांत धूर जात होता. मागे बांबू डांबरावर टेकल्याचा आवाज झाला, पावलं इकडची तिकडे झाली. मग मामा म्हणाला, “उचला,” आणि कोणी उचललं नाही. मागच्या कुजबुजीवरून मला एवढं कळलं की मामा मागे सरकला होता आणि पुढची उजवी बाजू मोकळी होती. इतकी माणसं होती. खांदा द्यायला मिळावा म्हणून एरवी लोक पुढे घुसतात. पण त्या रिकाम्या जागेत कोणी पाऊल टाकलं नाही.

“एक खांदा कमी आहे,” मामा म्हणाला. कोणाला म्हणाला ते त्यानं सांगितलं नाही.

खंजिरी थांबली होती. टपरीवरच्या स्टोव्हचा आवाज तेवढा येत होता. मला वाटलं, तो आला नाही तर? मग ही सगळी माणसं पाहणार, ही जागा रिकामी राहणार, मामानं पुन्हा एकदा चारचौघांत माझ्या काकाचं नाव न घेता त्याला उभं ठेवलं असं होणार. मी मडक्याची दोरी घट्ट आवळून धरली. तेवढ्यात काचेचा गिलास पत्र्यावर ठेवल्याचा आवाज झाला. पावलं आली, सावकाश, जरा फरफटत. गर्दीतून कोणाला तरी उद्देशून काकाचा आवाज आला, घोगरा, रोजच्यासारखा.

“सरका जरा.”

राम बोलो भाई राम. यावेळी तो आवाज इतका मोठा उठला की टपरीवरची कुत्री पळाली. मी चालायला लागले. आमची स्मशानभूमी पूर्वेला आहे, ऊन आमच्या पाठीवर होतं आणि सावल्या रस्त्यावर माझ्यापुढे पडल्या होत्या. माझी सावली, तिच्यामागून पुढे आलेली माणसांची डोकी, आणि त्यांच्यावर तिरडीची आडवी रेघ. ती रेघ सरळ नव्हती. काका आमच्या घराण्यात सगळ्यांत बुटका. त्याच्या बाजूनं तिरडी खाली झुकली होती. बाबा त्याच्याकडे कलले होते.

“उजवा कोपरा वर घ्या,” मागून कोणीतरी म्हणालं.

“राहू द्या,” मामा म्हणाला.

नाल्याचा पूल आला आणि गेला. तिथं कोणी थांबलं नाही. बदलीला माणसं पुढे येत होती, हे मला त्यांच्या बोलण्यावरून कळत होतं. “द्या काकाजी, दमले असान.” काकानं कोणालाही आपली जागा दिली नाही. सावलीतली रेघ शेवटपर्यंत तशीच तिरपी राहिली आणि मी तिच्याकडे पाहत चालत राहिले. मला रडू येत होतं, पण त्यात सुख होतं, हे आज लिहायला मला लाज वाटत नाही.

अग्नी दिला तेव्हा काका माझ्या शेजारी उभा होता. ज्वाळा वाढल्यावर त्यानं मला दंडाला धरून मागे ओढलं, लहानपणी चुलीपाशी गेल्यावर ओढायचा तसं.

परत आलो तेव्हा दिवे लागणीची वेळ होत होती. फाटकाशी बादल्यांत पाणी आणि कडुनिंबाचा पाला ठेवला होता. लोक पाय धूत होते, पाल्याचं पान चावत होते, पायऱ्या चढून बाबांच्या जागी लावलेला दिवा पाहून आपापल्या घरी जात होते. समोरच्या बाईच्या घरून भाजलेल्या भाकरीचा वास येत होता. काकानं पाय धुतले आणि पायरीच्या अलीकडे उभा राहिला. तिथून दिवा दिसत नाही. मामा त्याच्या बाजूलाच उभा राहिला. मामानं खर्ऱ्याची पुडी काढून पुढे केली आणि काकानं त्यातली चिमूट घेतली.

आई दारात आली. तिनं काकाला पाहिलं आणि पायऱ्या उतरायला लागली. एक बाई म्हणाली, “बाई, तिकडून आलेल्या लोकायच्या आंघोळ्या व्हाच्या आहे, शिवू नोका.” आईनं ऐकलं नाही. ती खाली आली, काकाच्या समोर उभी राहिली. काकाच्या पांढऱ्या सदऱ्यावर खांद्याला गुलाल लागला होता आणि बांबूचा मळकट पट्टा उमटला होता. आईनं त्यावर हात ठेवला.

“इथं होते का?” तिनं विचारलं.

“हो वैनी.”

“जड झाले का?”

“नाई वैनी,” काका म्हणाला. “काईच वजन नोतं राह्यलं.”

सकाळपासून आई रडली नव्हती. ती तिथंच, त्या खांद्यावरचा हात न काढता, मोठ्यानं रडायला लागली, आणि अंगणातल्या कोणीही तिला उगी राहा म्हटलं नाही.